खडूने लिहिलेलं वायफाय

शनिवार, १३ जुलै २००२. लंडनच्या क्लर्कनवेल भागात एका अरुंद गल्लीत तुम्ही उभे आहात. इथल्या जुन्या इमारतींत आता डिझाइनवाल्यांची ऑफिसं थाटली आहेत आणि आज सुट्टी असल्याने सगळी बंद आहेत. तुमचा नेहमीचा फोन खिशात नाही, तो या सालात येऊच शकत नाही. त्याच्या जागी हातात कॉम्पॅकचं आयपॅक आहे. २४० बाय ३२० ठिपक्यांचा पडदा, टोचायला प्लास्टिकची काडी, पाठीवर चढवलेलं एक जाड कवच आणि त्या कवचात खुपसलेलं वायरलेस कार्ड. कार्डाचं टोक वर बाहेर आलंय, त्यातच अँटेना आहे. एवढा जामानिमा पेलून मनगट दुखू लागलं असेल, तर हात बदला. यावरून कोणाला फोन मात्र लावता येणार नाही.

इथून काही मैलांवर लॉर्ड्सवर नॅटवेस्ट मालिकेची अंतिम लढत चालू आहे. इंग्लंडने ३२५ ठोकल्यात. तुम्हाला स्कोअर हवा आहे. पबमध्ये टीव्ही आहे हे खरं, आणि निकाल तुम्हाला चोवीस वर्षांपासून पाठ असेल हेही खरं. पण त्या सामन्याचा निकाल पाठ असूनही तो पुन्हा पाहिला नाही असा मराठी माणूस दाखवा! शिवाय आज तुम्ही टीव्ही बघायला आलेले नाही. हवेत सांडलेलं इंटरनेट खरंच मिळतं का, ते बघायला आला आहात.

विकतचं मिळणं कठीणच आहे. मोबाइलवरचं जीपीआरएस मेगाबाइटच्या हिशेबाने खिसा कापतं. ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर वायफाय चालतं, तिथे लोकांना पैसे घेऊन सेवा द्यायला ब्रिटनमध्ये याच उन्हाळ्यात परवानगी मिळते आहे. त्यामुळे कॉफीच्या दुकानात पासवर्ड मागायला गेलात, तर काउंटरवरचा पोरगा तुमच्याकडे बघतच राहील. पण कार्यालयांत आणि घरांत वायफायचे डबे लागू लागले आहेत, आणि भिंतीपाशी आपली लहर थांबते असा त्या डब्यांचा समज नाही.

आयपॅकवर मिनीस्टंबलर नावाचा छोटा प्रोग्राम आहे, तो सुरू करा. तो हवेत एक हाक मारतो: कोणी आहे का? आसपासचे डबे आपलं नाव, चॅनल आणि कुलूप आहे की नाही एवढं सांगून मोकळे होतात. ते तसे बोलकेच. कोणी विचारो न विचारो, सेकंदाला सुमारे दहा वेळा स्वतःच्या असण्याची दवंडी पिटत असतात. पडद्यावर एकेक ओळ उगवू लागते. ‘लिंकसिस’. ‘डिफॉल्ट’. ‘त्सुनामी’. घाबरू नका, ते सिस्कोच्या डब्याचं कारखान्यातूनच आलेलं नाव आहे. लोकांनी डबा आणला, वायर खोचली, इंटरनेट लागलं, विषय संपला. नाव बदलायचं, कुलूप लावायचं, हे पुस्तिकेच्या पुढच्या पानांवर होतं, आणि तिथवर कोण जातो.

आता हळूहळू चाला. आयपॅक छातीशी धरून पाठ फिरवली की सिग्नल पडतो. तुमच्या शरीरात निम्म्याहून अधिक पाणी आहे आणि पाणी या लहरी गिळतं. म्हणून यंत्र अंगापासून दूर धरून, देवाला आरती ओवाळावी तसं फिरवत तुम्ही गल्लीतून निघता. समोरून कुत्रा घेऊन येणारी बाई रस्ता ओलांडून पलीकडून जाते. तिचं काही चुकलं नाही.

कोपऱ्यावर विटांच्या भिंतीवर, कमरेच्या उंचीला, खडूने काहीतरी काढलंय. पाठीला पाठ लावलेले दोन अर्धगोल. वर एका नेटवर्कचं नाव, खाली ०.५. थांबा. हेच ते.

ही चिन्हं जेमतेम महिन्याभरापूर्वीची आहेत. मॅट जोन्स नावाच्या इथल्या एका डिझायनरच्या मित्रमंडळात जूनमध्ये ही कल्पना निघाली. अमेरिकेतले भटके मजूर पूर्वी कुंपणांवर, फाटकांवर खुणा करून ठेवत: इथे जेवण मिळतं, इथे कुत्रा चावतो. तशाच खुणा वायफायसाठी का नकोत? जोन्सने चिन्हं नीट रेखून, खिशात मावेल असा तक्ता करून लोकांपुढे ठेवला. दोन अर्धगोल म्हणजे उघडं नेटवर्क, पूर्ण वर्तुळ म्हणजे बंद, वर्तुळात डब्ल्यू म्हणजे कुलूपबंद. वर नाव, खाली वेग. हे ०.५ म्हणजे अर्धा मेगाबिट, इथल्या घरगुती ब्रॉडबँडचा नेहमीचा वेग. नाव ठेवलं वॉरचॉकिंग. काही दिवसांत जगभरच्या वर्तमानपत्रांत त्यावर लेख आले. माझ्या मते, खडूच्या या खुणा वापरणाऱ्यांपेक्षा त्यांचे फोटो छापणारेच जास्त निघाले. लंडनच्या पावसात खडू टिकणार किती?

पण आज कोरडं आहे. ‘लिंकसिस’वर काडी टोचा. आत त्या बंद ऑफिसात, कोणाच्या तरी टेबलाखाली, एक डबा जागा आहे. तो तुम्हाला पत्ता देतो: १९२.१६८.१.१००. या जातीचे डबे पत्ते वाटायला शंभरापासूनच सुरुवात करतात, म्हणजे आजच्या पंगतीत पहिलं पान तुमचं. क्रिकइन्फो उघडा. पान वरून खाली, पट्टीपट्टीने उतरतं. भारत पाच बाद १४६. सचिन १४ वर गेला, जाइल्सने त्रिफळा उडवला.

लॉर्ड्सवर या क्षणी काही भारतीय प्रेक्षक उठून चालू लागले असतील. तुम्ही मात्र फुटपाथवर टेकता, कारण तुम्हाला माहीत आहे.

आणि इथे, दुसऱ्याच्या भिंतीला पाठ लावून बसल्यावर, जरा विचार करा. तुम्ही जे घेत आहात ते दिलेलं आहे की सापडलेलं? रस्त्याकडेला पाणपोई असते. ज्याने रांजण मांडला त्याने तो लोकांसाठीच मांडलेला असतो. या शहरात तसे लोक आहेत. जेम्स स्टीव्हन्स आणि ज्युलियन प्रीस्ट यांनी २००० साली ‘कन्झ्यूम’ उभं केलं. छपराछपरांवर अँटेना लावायच्या, एकमेकांना जोडायच्या आणि टेलिफोन कंपनीला भाडं न देता शेजाऱ्यापाजाऱ्यांत इंटरनेट फिरवायचं, असा तो मनसुबा. न्यूयॉर्कमध्ये एनवायसीवायरलेसच्या मंडळींनी नुकतंच ब्रायंट पार्कमध्ये मोफत वायफाय चालू केलंय. तिथे बागेतल्या हिरव्या खुर्चीवर बसून कोणीही जोडलं जावं. असा माणूस आपल्याच भिंतीवर दोन अर्धगोल काढतो तेव्हा ती मांडलेली पाणपोई. पण आज तुम्ही पीत आहात ते बहुधा कोणाचा तरी बंद करायचा राहिलेला नळ आहे, आणि खडू तिसऱ्याच माणसाने ओढलाय. वॉरचॉकिंगवर लिहिणाऱ्यांनी तेव्हा हा भेद फारसा केला नाही. दोन्ही बाजूंनी. येत्या सप्टेंबरात नोकिया सरळ सांगून टाकेल की ही चोरी आहे. माझं मत विचाराल तर, स्कोअर बघण्याला चोरी म्हणणं हास्यास्पद आहे. पण दुसऱ्याच्या दारावर त्याला न विचारता ‘या, बसा’ लिहिणं हाही शहाणपणा नव्हे.

पान पुन्हा उतरवा. सहा बाद २६७, युवराज ६९ वर गेला. बॅटरीचा काटा बघा. हे कार्ड वीज पिऊन टाकतं, आणि या आयपॅकचा एक जुना दोष आहे: बॅटरी पार संपली की आत साठवलेले पत्ते, नोंदी, सगळं पुसलं जातं. आठ बाद ३१४. एका बाजूला कैफ, दुसऱ्या बाजूला श्रीरामपूरचा झहीर. पडदा मंद होतो. आता थांबायचं की बंद करायचं? तुम्ही थांबता. आठ बाद ३२६. तीन चेंडू बाकी. लॉर्ड्सच्या बाल्कनीत भारताच्या कर्णधाराचा टी-शर्ट फिरतोय, पण तो या पडद्यावर दिसणार नाही.

डोळे मिटून उघडा. साल २००८, ठिकाण नवी मुंबईतलं सानपाडा. हातात नोकियाचा फोन आहे आणि त्यात वायफाय आहे. जॉइकूस्पॉट हा प्रोग्राम टाकलात तर हाच फोन स्वतः डबा होतो आणि आपलं मोबाइल इंटरनेट हवेत वाटू लागतो. सहा वर्षांपूर्वी ज्या कंपनीने वॉरचॉकिंगला चोरी म्हटलं, तिच्याच फोनवरून इंटरनेट वाटायचं. काळ असा सूड घेतो. वेग एजचा, म्हणजे एका चित्राला चहा पिऊन होईल. तरी खडूची गरज संपली.

पण २६ जुलैला अहमदाबादेत स्फोट होतात. त्यांच्या काही मिनिटं आधी वाहिन्यांकडे गेलेल्या ईमेलचा माग काढत पोलीस सानपाड्यातल्या एका अमेरिकन रहिवाशाच्या घरी पोचतात. त्याचं वायफाय उघडं होतं, ते दुसऱ्यानेच वापरलेलं. पुढच्या ईमेलांसाठी माटुंग्याच्या एका कॉलेजचं आणि चेंबूरच्या एका कंपनीचं नेटवर्क वापरलं जातं. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलीस लॅपटॉप आणि फोन घेऊन गल्लोगल्ली उघडी नेटवर्कं शोधायला निघतात. क्लर्कनवेलला तुम्ही केलं तेच. फक्त सापडल्यावर खडूऐवजी नोटीस. फेब्रुवारीत दूरसंचार खात्याचे आदेश येतात: सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवा, फोटो-ओळखपत्राची प्रत घेऊन किंवा मोबाइलवर पासवर्ड पाठवून. आज चहाच्या टपरीपासून विमानतळापर्यंत कुठेही मागितला जाणारा ओटीपी त्या वर्षापासून आपल्या मागे आहे. चीड येते, मान्य. पण पोलीस दारात उभे राहिल्यावर “मी नाही, माझं वायफाय कोणीतरी वापरलं” असं सांगणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःला उभं करून बघा.

जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलवर उतरा, पण घाईत. रेलटेल आणि गूगलचं स्थानकांवरचं मोफत वायफाय इथून सुरू होतं. जून २०१८ मध्ये दिब्रुगडला चारशे स्थानकं पूर्ण होतील. मध्ये जिओ येईल, डेटा कवडीमोल होईल, आणि २०२० मध्ये गूगल या उद्योगातून अंग काढून घेईल. स्थानकांवरचं वायफाय रेलटेल चालवत राहील.

आता तुमच्या आजच्या फोनवर परत या. हॉटस्पॉटचं बटण त्यात आहेच. घरच्या राउटरमध्ये बहुधा ‘गेस्ट नेटवर्क’ असतं. ते चालू करा, त्याला वेगळा पासवर्ड द्या आणि पाहुण्यांना, शेजारच्या पोरांना तोच सांगा. तुमचे संगणक त्यांच्या नजरेआड राहतील. नेटवर्क बिनकुलपाचं मात्र ठेवू नका, कारण त्यावरून जे होईल त्याचा माग तुमच्या दारी येतो. आणि दुकान असेल, टपरी असेल, तर डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेची चौकशी करा. त्यात गिऱ्हाइकाची ओळख पटवण्याचं काम ॲप करतं, आणि तिथून वायफाय द्यायला दुकानदाराला ना परवाना लागतो, ना नोंदणी शुल्क.