शिडाच्या प्रशिक्षण जहाजावरचे स्वयंसेवक नेमके काय करतात?

आठवडाभर समुद्रावर राहायचे, रात्री-अपरात्री उठून पहारा द्यायचा, बोट लागलेल्या मुलांच्या बादल्या धुवायच्या आणि बाराजणांचा स्वयंपाक डोलत्या शेगडीवर करून घ्यायचा. पगार शून्य. बऱ्याच ठिकाणी स्वतःच्या जेवणाचे पैसेही स्वतःच भरायचे. तरीही ब्रिटनमध्ये शिक्षक, परिचारिका, इंजिनिअर, निवृत्त कर्मचारी आपली रजा खर्चून हे काम करतात. तरुणांसाठीच्या शिडाच्या प्रशिक्षण जहाजांवर ते स्वयंसेवक खलाशी म्हणून जातात.

हा प्रकार काय आहे, त्यासाठी काय लागते आणि त्यातली खरी जबाबदारी कोणती, ते पाहू.

शिडाचे प्रशिक्षण म्हणजे काय?

इंग्रजीत याला 'सेल ट्रेनिंग' म्हणतात. नावावरून हे शीड हाकायला शिकवणारे वर्ग वाटतात, पण मुख्य हेतू तो नाही. वेगवेगळ्या घरांतली, एकमेकांना न ओळखणारी मुले-मुली काही दिवस एका जहाजावर राहतात आणि ते जहाज स्वतः चालवतात. त्यातून येणारा आत्मविश्वास, जबाबदारीची सवय आणि दुसऱ्यांशी जुळवून घेणे हे खरे शिक्षण. पुढे आयुष्यात त्यांनी पुन्हा कधी शिडाचा दोर हातात घेतला नाही, तरी चालते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मालवाहू शिडाची जहाजे जवळपास संपली होती. लंडनमधले वकील बर्नार्ड मॉर्गन यांनी उरलेल्या मोठ्या शिडाच्या जहाजांची एक शर्यत भरवण्याची कल्पना मांडली. 1956 साली इंग्लंडमधील टॉरबे ते पोर्तुगालची राजधानी लिस्बन अशी ती शर्यत झाली आणि 20 जहाजे त्यात उतरली. शिडांच्या युगाला निरोप म्हणून ठरलेला हा कार्यक्रम लोकांना इतका आवडला की त्यातून 'टॉल शिप्स रेस' ही परंपराच सुरू झाली. या शर्यतीचा एक नियम महत्त्वाचा आहे: जहाजावरचे किमान निम्मे लोक 15 ते 25 या वयोगटातले असले पाहिजेत.

1960 साली ब्रिटनमध्ये 'ओशन यूथ क्लब' सुरू झाला. पुढे त्याचे 'ओशन यूथ ट्रस्ट' नावाच्या प्रादेशिक संस्थांमध्ये रूपांतर झाले. 'टॉल शिप्स यूथ ट्रस्ट' ही अशीच दुसरी मोठी संस्था. तिच्याकडच्या 72 फुटी पोलादी 'चॅलेंजर' नौका मुळात जगप्रदक्षिणेच्या शर्यतीसाठी बांधलेल्या होत्या. आज त्यांवर शाळकरी आणि कॉलेजवयीन मुले जातात.

जहाजावर कोण कोण असते?

अशा मध्यम आकाराच्या नौकेवर साधारण 12 मुले आणि पाच-सहा मोठी माणसे असतात. सर्वांत वर कप्तान, म्हणजे 'स्किपर'. कोकणातल्या होडीवर जो मान तांडेलाचा, तोच इथे त्याचा. त्याच्या हाताखाली 'मेट' असतो. हे दोघे बहुधा पगारी असतात. बाकीचे स्वयंसेवक.

मुलांचे गट पाडले जातात. प्रत्येक गटाला 'वॉच' म्हणतात आणि त्याच्यावर एक 'वॉच लीडर' असतो. नवा स्वयंसेवक सहसा या वॉच लीडरचा मदतनीस म्हणून सुरुवात करतो. अनुभव वाढला की स्वतः वॉच लीडर होतो आणि परीक्षा देत गेला तर मेटपर्यंत पोहोचू शकतो.

मोठ्या प्रवासात वॉच चार-चार तासांची असते. रोज त्याच गटाच्या नशिबी मध्यरात्र येऊ नये म्हणून संध्याकाळी चार ते आठ या वेळेचे दोन-दोन तासांचे दोन तुकडे करतात. त्यामुळे पाळ्या दररोज आपोआप पुढे सरकतात.

दिवसभराचे काम

पहिला दिवस जहाज धक्क्यालाच असताना जातो. लाइफजॅकेट अंगाला नीट बसते का, सुरक्षा पट्ट्याचा हुक कुठे अडकवायचा, दोर ओढायच्या चक्रात, म्हणजे विंचमध्ये, बोटे आणि मोकळे केस कसे जाऊ द्यायचे नाहीत, शीड ताणून धरणारा आडवा दांडा फिरला तर डोके कसे वाचवायचे, हे सगळे मुलांना करून दाखवायचे. जहाजावरचे शौचालय पंप मारून कसे वापरायचे, हाही पहिल्याच दिवसाचा धडा. तो नीट शिकवला नाही तर दुसऱ्या दिवशी ते दुरुस्त करायचे काम स्वयंसेवकाकडेच येते.

समुद्रावर गेल्यावर शिडे चढवणे-उतरवणे, सुकाणू धरणे, आजूबाजूच्या जहाजांवर नजर ठेवणे, दर तासाला जहाजाची जागा, वेग आणि हवेचा दाब वहीत नोंदवणे ही कामे मुले करतात. वॉच लीडर शेजारी असतो. रात्री लाल उजेडाची टॉर्च वापरतात, कारण पांढऱ्या उजेडाने डोळे दिपतात आणि पुन्हा अंधाराला सरावायला बराच वेळ लागतो.

स्वयंपाकही पाळीने होतो. जहाजाच्या स्वयंपाकघरात, म्हणजे गॅलीत, शेगडी कड्यांवर टांगलेली असते. जहाज कलले तरी ती सपाट राहते. पातेली घसरू नयेत म्हणून पकडी लावतात, मग अर्धाच भरतात आणि उकळते पाणी हाताळताना जाड जलरोधक पँट घालायला लावतात. किनाऱ्यापासून लांब असताना भाजण्याची इजा गंभीर ठरू शकते.

आणि बोट लागणे. पहिल्या दिवशी काही मुलांना ती लागतेच. अशा मुलाला खालच्या केबिनमध्ये न ठेवता वर मोकळ्या हवेत आणायचे, क्षितिजाकडे पाहायला सांगायचे, थोडे थोडे पाणी पाजायचे आणि जमत असेल तर सुकाणू हातात द्यायचे. हातात काम आल्यावर अनेकांना बरे वाटते. उलटीसाठी कठड्याकडे धावणाऱ्या मुलाचा हुक आधी अडकवायचा. हाच क्षण पाण्यात पडण्याचा धोका वाढवतो.

सर्वांत अवघड कौशल्य: हात मागे ठेवणे

चांगले शीड हाकता येते म्हणून कोणी चांगला स्वयंसेवक होत नाही. उलट कसलेल्या खलाशांनाच हे काम सुरुवातीला जड जाते. मुलगा सुकाणू चुकीच्या बाजूला फिरवतो, जहाज नागमोडी जाते, शीड फडफडते. अनुभवी माणसाचा हात आपोआप पुढे जातो. तो हात थांबवणे हेच काम आहे. जहाज मोठ्यांनीच चालवायचे असेल तर मुलांना आणण्याचा उपयोग काय?

पण प्रत्येक चूक होऊ देऊन चालत नाही. अशा वेळी एकच प्रश्न उपयोगी पडतो: ही चूक झाली तर काय गमावू? जहाज धक्क्याला घासू नये म्हणून बाजूला हवेच्या उशा बांधतात. त्यांना फेंडर म्हणतात. मुलीने फेंडरची गाठ सैल मारली, तर तो पाण्यात पडेल. मग वळून तो उचलायचा आणि पुढची गाठ ती जन्मभर विसरणार नाही. डोलकाठीवर चढणाऱ्या मुलाचा सुरक्षा पट्टा सैल असेल, तर एक शब्दही न बोलता तो आधी आवळायचा. पहिल्या चुकीतून शिक्षण मिळते, दुसऱ्या चुकीतून जीव जातो. या दोन चुकांमधली रेषा वादळी रात्री, झोप अपुरी असताना ओळखता येणे ही स्वयंसेवकाची खरी परीक्षा.

हा धोका कागदावरचा नाही

3 जून 1984 रोजी 'मार्क्स' हे जहाज टॉल शिप्स शर्यतीत बर्म्युडाहून कॅनडातील हॅलिफॅक्सकडे जात असताना अचानक आलेल्या सोसाट्याच्या वाऱ्यात सापडले. ते पाहता पाहता बुडाले. जहाजावरच्या 28 जणांपैकी 19 जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर ब्रिटनमध्ये शिडाच्या जहाजांच्या स्थिरतेचा नव्याने अभ्यास झाला आणि नियम कडक झाले.

17 फेब्रुवारी 2010 रोजी ब्राझीलपासून दूर समुद्रात कॅनडाचे 'कॉन्कॉर्डिया' हे विद्यार्थ्यांचे जहाज कलंडले. त्यावर 64 जण होते. तराफ्यांवर जवळपास दोन रात्री काढल्यावर मालवाहू जहाजांनी सर्वांना वाचवले. कॅनडाच्या चौकशीत आढळले, की वारा वाढत असताना शिडे वेळेत कमी केली नव्हती आणि डेकवरची दारे-झरोके पुरेसे बंद नव्हते. जहाजाच्या स्थिरतेची माहिती उपलब्ध होती, पण पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला धोक्याची कल्पना आली नाही. तरीही एकही जीव गेला नाही, यामागे आधी केलेल्या सरावाचा वाटा मोठा होता.

म्हणून 'माणूस पाण्यात पडला' हा सराव प्रत्येक सफरीत होतो. पाहणाऱ्याने मोठ्याने ओरडायचे. एकाने पडलेल्याकडे बोट दाखवत राहायचे आणि नजर क्षणभरही हलवायची नाही. दुसऱ्याने तरंगणारी वस्तू फेकायची, तिसऱ्याने यंत्रावर ती जागा नोंदवायची. लाटांमध्ये माणसाचे डोके काही सेकंदांत दिसेनासे होते. त्यामुळे बोट दाखवणाऱ्या मुलाचे काम सर्वांत साधे दिसत असले तरी सर्वांत महत्त्वाचे असते.

मुलांची सुरक्षितता: दुसरी बाजू

धोका फक्त समुद्राचा नसतो. छोट्या जागेत, घरापासून दूर, मोठी माणसे आणि मुले एकत्र राहतात. त्यामुळे ब्रिटनमध्ये स्वयंसेवकाची गुन्हेगारी नोंद तपासली जाते आणि बालसुरक्षेचे प्रशिक्षण दिले जाते. बंद जागेत एका मुलासोबत एकटे राहायचे नाही. मुलांशी खासगी समाजमाध्यमांवर संपर्क ठेवायचा नाही. एखाद्या मुलाने रात्रीच्या पहाऱ्यात घरच्या मारहाणीबद्दल सांगितले, तर 'कुणाला सांगणार नाही' असे वचन द्यायचे नाही. शांतपणे ऐकायचे आणि ठरवून दिलेल्या जबाबदार व्यक्तीला कळवायचे.

रात्रीच्या अंधारात, शेजारी शेजारी बसून समुद्राकडे पाहताना मुले खूप काही बोलतात. त्यासाठी तयार असणे हाही कामाचाच भाग आहे.

स्वयंसेवक व्हायला काय लागते?

- अनुभव: अनेक संस्था नवख्यांना घेतात आणि प्रशिक्षणाच्या सफरीवर पारखतात.
- प्रमाणपत्रे: ब्रिटनमध्ये 'रॉयल यॉटिंग असोसिएशन'ची पायरी-पायरीची व्यवस्था आहे. 'कॉम्पिटंट क्रू' हा पाच दिवसांचा पहिला टप्पा, त्यानंतर 'डे स्किपर'. 'यॉटमास्टर ऑफशोअर' परीक्षेसाठी किमान 50 दिवस आणि 2500 सागरी मैलांचा अनुभव लागतो.
- तब्येत: वैद्यकीय तपासणी होते. फार बलदंड असण्याची गरज नाही, पण अपुऱ्या झोपेत डोके शांत राहिले पाहिजे.
- वेळ आणि पैसा: वर्षाला एखादी सफर आणि सरावाचे काही दिवस. प्रवासखर्च बहुधा स्वतःचा. हिवाळ्यात जहाजाची रंगरंगोटी आणि दुरुस्ती असते. समुद्रावर जाणे जमत नसलेल्यांना तिथेही काम मिळते.

पर्यटक व्हिसावर ब्रिटनमध्ये गेलेल्यांना नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण 30 दिवसांपर्यंत स्वयंसेवा करण्याची मुभा नियमांत आहे. नियम बदलू शकतात, त्यामुळे जाण्यापूर्वी ते तपासून घेणे आवश्यक आहे.

भारतात अशी सोय आहे का?

भारतात शिडाची प्रशिक्षण जहाजे नौदलाकडे आहेत: 'आयएनएस तरंगिणी' आणि 'आयएनएस सुदर्शिनी'. दोन्ही गोवा शिपयार्डमध्ये बांधलेली. तरंगिणी 1997 मध्ये, तर सुदर्शिनी 2012 मध्ये नौदलात दाखल झाली. तरंगिणीने 2003-04 मध्ये जगप्रदक्षिणाही केली. तिचा आराखडा ब्रिटिश नौकारचनाकार कॉलिन म्यूडी यांचा. ब्रिटनच्या 'लॉर्ड नेल्सन' जहाजाचे आरेखनही त्यांचेच.

मात्र तरंगिणी-सुदर्शिनीवर नौदलाचे प्रशिक्षणार्थी जातात. सामान्य नागरिकाला स्वयंसेवक म्हणून तिथे प्रवेश नाही. कॉलेजवयीन मुलांना शीड हाकण्याची ओळख एनसीसीच्या नौदल विभागात होऊ शकते.

ही जहाजे टिकणार का?

'लॉर्ड नेल्सन' चालवणारी, 1978 मध्ये स्थापन झालेली 'ज्युबिली सेलिंग ट्रस्ट' अपंग आणि धडधाकट लोकांना बरोबरीने जहाज चालवू देत होती. चाकाच्या खुर्चीसाठी लिफ्ट, दृष्टिहीनांसाठी बोलणारे होकायंत्र अशा सोयी तिच्या जहाजांवर होत्या. पैशांअभावी ही संस्था 2023 मध्ये बंद पडली. देखभाल, विमा, धक्क्याचे भाडे आणि तपासण्या यांचा खर्च मुलांच्या शुल्कातून भागत नाही. देणग्या आटल्या की जहाज धक्क्याला लागते.

अशा वेळी स्वयंसेवकांशिवाय हा खेळ उभाच राहू शकत नाही. पाच-सहा मोठ्या माणसांना पगार द्यायचा झाला, तर सफरीचे शुल्क इतके वाढेल की ज्या मुलांना तिची सर्वाधिक गरज आहे तीच आधी गळतील. त्यामुळे सुकाणूशेजारी हात मागे बांधून उभा राहिलेला, रजा टाकून आलेला माणूस त्या मुलाला जहाज चालवू देतो आणि मुळात ते जहाज समुद्रात असण्यालाही तोच कारण असतो.