तळटीप १४ : क्लारा

१४. क्लारा सेझेमान : ‘आल्प्सची मुलगी हायडी’ या जपानी सचेतपट मालिकेतील (१९७४, ५२ भाग, दिग्दर्शक इसाओ ताकाहाता) बारा वर्षांची मुलगी. फ्रँकफुर्टच्या श्रीमंत घरातली, आई नसलेली, चाकाच्या खुर्चीला खिळलेली. तिला सोबत हवी म्हणून हायडीला डोंगरावरून शहरात आणले जाते. मूळ पात्र योहाना श्पीरी या स्विस लेखिकेच्या दोन भागांतील कादंबरीतले (१८८० व १८८१).

लेखकाने इथे उल्लेखलेला ‘क्लारा उभी राहिली’ हा उद्गार मालिकेच्या अखेरच्या भागांतला आहे. जपानमध्ये मालिका न पाहिलेल्यांनाही तो ठाऊक असतो. कादंबरीत शेळ्या राखणारा पेटर मत्सरापोटी क्लाराची खुर्ची डोंगरावरून ढकलून देतो, आणि खुर्चीच उरली नाही म्हणून तिचे चालणे सुरू होते. ताकाहातांनी पेटरचा हा अपराध गाळला. मालिकेतला पेटर उलट तिला पाठीवर घेऊन कुरणावर नेतो. क्लारा प्रथम उठते ती जवळ आलेल्या गायीला घाबरून, नकळत. पुढचे सगळे सरावाने, पडत-रडत, हायडीचा रुसवा सोसत. तिची भीती आणि तिचा हट्ट यांना पुरेसा वेळ देणारा हा बदल मूळ कथेपेक्षा मुलांच्या मनाला अधिक जवळचा आहे, असे प्रस्तुत संपादकाला ठामपणे वाटते. मजकुरातील ‘फ्रँकफुर्टची बाई’ म्हणजे क्लाराच्या घरची करडी कारभारीण रोटेनमायर, आजी नव्हे.