गळ्यांतला इतिहास आणि घरचें ध्वनिमुद्रण

इतिहास म्हटला कीं डोळ्यांपुढें कागद येतो. खानदेशांत तर तें साहजिकच आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ सालीं धुळ्यास निवर्तले आणि दुसऱ्याच वर्षीं तेथें त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ उभें राहिलें. त्यानें जुनीं दप्तरें राखिलीं. पण गळ्यांतल्या इतिहासाचें काय? जळगांवजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांस अक्षरओळख नव्हती. घरच्यांनीं त्यांचीं गाणीं टिपून ठेविलीं, म्हणून १९५१ सालीं त्या गेल्यावर पुढील वर्षीं तीं छापून निघालीं. शब्द वांचले, गाणारीचा आवाज मात्र शाईला धरतां येत नाहीं.

ध्वनिमुद्रण त्या काळीं नव्हतें असें नाहीं. १९०२ सालींच कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें तबकडीवर उतरलें होतें. परंतु यंत्र कंपनीचें आणि निवडही कंपनीची. जात्यावर बसलेल्या बाईपर्यंत तें पोंचावें कसें? आज तें काम घरचा संगणक करतो. कोणतें सॉफ्टवेअर घ्यावें, एवढाच प्रश्न उरतो.

येथें एक भेद ध्यानांत घ्यावा. ऑडिओ म्हणजे प्रत्यक्ष आवाज. १९८३ सालीं प्रचारांत आलेली मिडी ही आवाज नव्हे. कोणती पट्टी केव्हां व किती जोरानें दाबली, केव्हां सोडली, याची ती टांचणवही. साथ रचावयास, चुकलेला सूर मागाहून सुधारावयास ती उत्तम. परंतु आखाजीला झोक्यावर म्हटलेलें आजीचें गाणें दोन पट्ट्यांच्या मधून वाहतें. तिचा श्वास आणि तिची अहिराणी त्या टांचणांत उतरत नाहीं.

तेव्हां आधीं काय राखावयाचें तें ठरवावें. केवळ आवाज राखावयाचा, तर २००० सालापासून विनामूल्य मिळणारी ऑडॅसिटी पुरते. नुसत्या सुरावटी रचावयाच्या, तर एलएमएमएस, तेंही विनामूल्य. दोन्ही शेजारीं शेजारीं हवीं असल्यास रीपर ६० दिवस वापरून पहावें. पटल्यास घरगुती परवाना ६० डॉलरांस मिळतो. वांचलेला पैसा चांगल्या मायक्रोफोनासाठीं ठेवावा. मुद्रणाच्या वेळीं पंखा बंद करावा. मूळ प्रत वेव्ह स्वरूपांत दोन ठिकाणीं जपावी. सीडीच्या दर्जाच्या एकेरी मुद्रणास मिनिटाला सुमारें ५ मेगाबाइट जागा लागते, म्हणजे फार नव्हे.

आणि प्रत्येक मुद्रणाबरोबर गाणारीचें नांव, गांव व तारीख लिहून ठेवावी. त्यावांचून उद्यांच्या अभ्यासकास तो निनांवी आवाज राहील. येत्या आखाजीला घरांतील वडील स्त्रियांस गावयास बसवावें, एवढीच विनंति.