टोपीवरील अक्षरें

जर्मनीच्या रेल्वेखात्यांतील जुन्या टोप्या जमविणारे रसिक युरोपांत पुष्कळ आहेत. टोपीच्या रंगावरून ते हुद्दा ओळखतात. गाडीस निघण्याची आज्ञा देणाऱ्या अधिकाऱ्याची टोपी लाल असे. काळ मात्र ते चिन्हावरून ठरवितात. पंख असलेलें चाक हें तिकडील रेल्वेचें जुनें चिन्ह. नाझी अमदानींत त्याच्या जोडीस गरुड व स्वस्तिक आलें. पुढें १९४९ सालीं पश्चिमेकडे 'बुंदेसबान' असें नवें नांव पडलें, पण पूर्वेकडे 'राइखस्बान' हें जुनेंच नांव १९९३ अखेर चाललें. नुसत्या नांवावर विसंबणारा येथें हटकून फसतो.

ही परीक्षा आपल्या बीड जिल्ह्यासही लागू पडते. बीड शहरास पहिली आगगाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजीं लाभली खरी. परंतु जिल्ह्याच्या पूर्वेकडील परळी वैजनाथ हें निजामाच्या अमदानींतच लोहमार्गावर आलें होतें. त्या बाजूच्या जुन्या ट्रंकांतून एखादी टोपी, निदान पितळी बिल्ला वा गुंडी, निघण्याचा संभव आहे. बिल्ल्यावर 'एन. जी. एस. आर.' अशीं चार अक्षरें असतील तर तो गॅरंटीड कंपनीच्या वेळचा. १९३० सालीं निजाम सरकारनें ती रेल्वे स्वतःकडे घेतली आणि नांवांतील 'गॅरंटीड' शब्द गळाला, म्हणून 'एन. एस. आर.' हीं तीन अक्षरें त्यापुढचीं. तीं १९४८ च्या सप्टेंबरांत पोलीस कारवाईबरोबर संपलीं असें पुष्कळांस वाटतें. पण राज्य गेलें तरी ही रेल्वे भारत सरकारच्या हातीं गेली ती १९५० सालीं, आणि १९५१ त मध्य रेल्वेंत मिळाली. पितळेचा काळ राजांच्या काळाशीं जुळतोच असें नाहीं.

अंबेजोगाईकडे सांपडलेल्या टोपीविषयीं आणखी सावध असावें. त्या गांवीं, तेव्हांच्या मोमिनाबादेस, हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. तेथला बिल्ला लष्करीही असूं शकेल.

खऱ्याखोट्याची पारख डोळ्यांनीं होते. ठशानें दाबून काढलेल्या बिल्ल्याच्या कडा रेखीव असतात. त्यावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल किंचित् लहान भरते, अक्षरें बोथट दिसतात व पाठीवर बारीक छिद्रें आढळतात. बिल्ला मूळचाच असेल तर त्याच्याखालचें कापड उन्हापासून वांचल्यामुळें भोंवतालच्यापेक्षां गडद राहतें. टोपी नवी व बिल्ला जुना, अशी जोडणी या एका खुणेनेंच उघडी पडते. चिंचेनें घांसून लख्ख केलेलें पितळ घरांत शोभतें. संग्राहक मात्र तें पाहून हळहळतो.

बिल्ला काढून मोडीच्या भावानें देण्याची व टोपी उकिरड्यावर टाकण्याची चाल आम्हांस चोरीहून वाईट वाटते. चोर निदान वस्तु अखंड ठेवतो. एकट्या बिल्ल्यावरून रेल्वे कळते, माणूस कळत नाहीं. बदल्यांची नोकरी, बिल्ला परळीस निघाला म्हणून धनी परळीसच होता असें कसें म्हणावें? अशी टोपी ज्यांच्या घरीं आहे त्यांनीं पूर्वजाचें नांव, हुद्दा व स्टेशनें एका चिठीवर लिहून ती अस्तराच्या आंत ठेवावी. घरांतील ज्या वृद्धांस हें सर्व ठाऊक आहे, त्यांस आजच विचारावें.