एक लस, तीन प्रश्न

रुग्णसेवेंत संशोधन, मूल्यमापन आणि तपासणी हीं तीन कामें निराळीं. जानेवारी १८९७ मध्यें मुंबईच्या भायखळा तुरुंगांत डॉ. हाफकीन यांनीं राजी झालेल्या कैद्यांस प्लेगची लस टोचून इतरांशीं तुलना केली. लस गुणकारी आहे काय, हा प्रश्न संशोधनाचा. आमच्या नाशकांत टोचणी किती घरीं पोंचली, हें मोजणें मूल्यमापन. ठरलेला नियम पाळला गेला काय, हें पाहणें तपासणी.

१९०२ सालीं पंजाबांत मुलकोवाल येथें एकाच बाटलीची लस टोचलेले १९ जण धनुर्वातानें दगावले. ठपका हाफकीन यांच्या प्रयोगशाळेवर आला. दोष बाटली उघडतांना शिरला असें पुढें दिसून १९०७ सालीं ते निर्दोष ठरले. लस खरी होती, हात चुकला होता. हा भेद विसरल्यास निरपराध्यास शिक्षा होते.