शाळेत बाई व्हायचे तर किती शिकायचे?

मागच्या मिटिंगला आमच्या बचत गटातल्या एका ताईंनी ४०,००० रुपयांचे कर्ज मागितले. त्या कांडी मशीनवर काम करतात. मुलगी बी.ए. झाली आहे, तिला लहान मुलांच्या शाळेत बाई व्हायचे आहे, आणि कुणीतरी सांगितले की आता एम.ए. केल्याशिवाय नोकरीच नाही. कर्ज द्यायला आमची ना नव्हती. पण गटाचा पैसा योग्य जागी जातोय का, हे बघायलाच तर आम्ही बसलोय. म्हणून जरा मागे जाऊन पाहिले, बाई व्हायला आजवर काय काय लागत आले.

१८४८ साली पुण्यात मुलींची शाळा उघडली तेव्हा सावित्रीबाईंपाशी डिग्री नव्हती. असणार कुठून? मुंबई विद्यापीठच १८५७चे. पुढे सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झाले की प्राथमिक शाळेत नोकरी मिळू लागली. वर शिक्षकाचे ट्रेनिंग केले असेल तर उत्तमच. पुण्यात १९०९ साली सुरू झालेल्या सेवासदनात रमाबाई रानड्यांनी बायकांसाठी अशा ट्रेनिंगची सोय केली. कितीतरी विधवांना पोटापाण्याची ती एक अब्रूची वाट मिळाली.

आपल्याला जवळचे उदाहरण अनुताई वाघांचे. लहानपणीच वैधव्य आले. त्या फायनल झाल्या, ट्रेनिंग केले आणि शिकवू लागल्या. मॅट्रिक झाल्या ते नोकरी सांभाळून. १९४५ साली त्या ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला आल्या, आणि १९५७ पासून कोसबाडला. हा सगळा तेव्हा आपलाच ठाणे जिल्हा. ताराबाई बी.ए., अनुताई मॅट्रिक, आणि काम दोघींचे एकच. आदिवासी मुले गुरांमागे जातात, शाळेत येत नाहीत, मग शाळाच कुरणावर न्यायची, असे त्यांनी केले. अनुताईंनी बी.ए. केले ते पन्नाशी उलटल्यावर. आज आपण ज्याला अंगणवाडी म्हणतो, त्याचे मूळ या दोघींच्या कामात आहे.

आता नियम कडक झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. २०१० साली शिक्षण हक्क कायदा लागू झाला, त्यानंतर टीईटी आली. पहिली ते पाचवीला बारावी, दोन वर्षांचे डी.एल.एड. (आपले जुने डी.एड.) आणि टीईटी. सहावी ते आठवीला पदवी, डी.एल.एड. किंवा बी.एड., आणि टीईटीचा दुसरा पेपर. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड. एम.ए. लागते ते अकरावी-बारावीला, तेही बी.एड.सह.

उलट मोठी डिग्री खालच्या वर्गाला चालतेच असे नाही. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ग्राह्य नाही. लहान मुलांना शिकवणे हे वेगळे कसब आहे, एवढाच त्याचा अर्थ. बी.एड.ला पैसे भरून बसलेल्या किती मुलींच्या पोटात तेव्हा गोळा आला असेल! आणि १ सप्टेंबर २०२५च्या निकालाने तर नोकरीत असलेल्यांनाही टीईटी लागू केली; निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरली असतील त्यांना दोन वर्षांत पास व्हायचे आहे.

सरकारी भरतीत नंबर लागतो तो अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर, पवित्र पोर्टलवरून. ती भरती कधी निघेल याचा नेम नसतो, हे लपवण्यात अर्थ नाही. निघाली तरी सुरुवात शिक्षणसेवक म्हणून, आधी तीन वर्षे मानधनावर.

हे सगळे आम्ही ताईंच्या घरी जाऊन मुलीसमोर मांडले. बी.ए. हाताशी असल्याने तिने डी.एल.एड. केले तर पहिली ते आठवी, दोन्ही टीईटी तिला देता येतील. ती म्हणाली, "पण लोक म्हणतील, बी.ए. होऊन परत बारावीवाल्यांच्या वर्गात बसली." ताई कांही बोलल्या नाहीत. कर्ज मंजूर केले आहे. फी कशाची भरायची ते मायलेकी येत्या रविवारच्या मिटिंगला सांगणार आहेत.