पिशवी कोण उचलणार?

क्रिकेटवर लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत, म्हणून आज जरा वेगळ्या खेळाबद्दल. सिनसिनाटीत राहायला आल्यापासून दर उन्हाळ्यात, दर दुसऱ्या अंगणात, मी माणसांना तिरक्या फळीवर कापडी पिशव्या फेकताना बघतोय. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पेला. खेळाचं नाव कॉर्नहोल. आधी वाटलं, जत्रेतल्या रिंग टाकण्यासारखं काहीतरी असेल. पण याला छापील नियमावली आहे, व्यावसायिक खेळाडू आहेत, टीव्हीवर सामने आहेत, आणि २०२२ पासून एक रीतसर भानगडसुद्धा आहे!

घरच्या मंडळींसाठी आधी खेळ सांगतो. दोन फूट रुंद, चार फूट लांब फळी. मागची कड जमिनीपासून फूटभर वर, पुढची जेमतेम तीन-चार इंच. वरच्या बाजूला सहा इंच व्यासाचं भोक. अशा दोन फळ्या समोरासमोर, मध्ये २७ फूट. सहा इंची चौकोनी पिशव्या, वजन साधारण ४५० ग्रॅम. प्रत्येकाला चार, आणि आळीपाळीने फेकायच्या. भोकात गेली तर ३ गुण, फळीवर राहिली तर १. मग वजाबाकी. मला ७ आणि तुम्हाला ५ मिळाले तर माझ्या खात्यात फक्त २ जमा, तुमच्या खात्यात काही नाही. आधी २१ गाठेल तो जिंकला.

जन्मकथा हव्या तेवढ्या आहेत. कुणी चौदाव्या शतकातला जर्मन सुतार सांगतो, कुणी केंटकीतला शेतकरी, कुणी इथल्या मूळ रहिवाशांपर्यंत जाऊन पोचतो. पुरावा एकाचाही नाही. कागदावर भेटतं ते १८८३ चं पेटंट. हेलिगर डी विंट नावाच्या गृहस्थांनी 'पार्लर क्वॉइट्स' या नावाने ते घेतलं. क्वॉइट्स म्हणजे खुंटीवर लोखंडी कडी फेकायचा जुना खेळ. दिवाणखान्यात लोखंड फेकलं तर काय होईल ते सांगायला नको, म्हणून कडीच्या जागी पिशवी आणि खुंटीच्या जागी भोक पाडलेली तिरकी फळी. त्यांचं भोक चौकोनी होतं. पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या एका खेळणीवाल्याने हा खेळ 'फाबा बागा' म्हणून विकला. त्यात लहानमोठी दोन भोकं, आणि दर फेरीला प्रत्येकाला एक जादा मोठी पिशवी, तिचे गुण दुप्पट. ती दुप्पटवाली पिशवी पुढे गायब झाली याचं मला अजून वाईट वाटतं :)

नंतर बराच काळ हा खेळ अंगणाचाच होता, आणि नियमही ज्याच्या त्याच्या अंगणाचे. एका घरी २१ च्या पुढे गेलात तर परत १५ वर, दुसऱ्या घरी ११ वर. कुठे बरोब्बर २१ च हवेत, कुठे २१ किंवा जास्त चालतात. आपल्याकडे एका गल्लीत 'एक टप्पा आउट' आणि पलीकडच्या गल्लीत नाही, तसंच. पाहुण्याने आधी विचारून घ्यायचं, मग खेळायचं.

२००५ मध्ये ओहायोतच अमेरिकन कॉर्नहोल ऑर्गनायझेशन सुरू झाली, २०१५ मध्ये अमेरिकन कॉर्नहोल लीग आली, आणि अंगणाचे नियम कागदावर गेले. मागे फिरवण्याची शिक्षा स्पर्धांमधून गेली: २१ किंवा जास्त, संपला सामना. लहान मुलांसाठी अंतर २१ फूट. आपला कच्चा लिंबू इथे फुटांत मोजून दिलाय.

आता दंडाकडे येतो, कारण मला खरा रस त्यात आहे. पिशवी सुटण्याआधी पाय फळीच्या पुढच्या कडेची रेषा ओलांडून गेला तर तो फाउल. पिशवी आधी जमिनीला लागून मग उडी मारून फळीवर चढली तर तोही फाउल. आणि शिक्षा काय? ती पिशवी उचलायची, गुण शून्य. बस. समोरच्याला जादा गुण नाहीत, जादा पिशवी नाही. फाउल पिशवीने बाकीच्या पिशव्या हलवल्या असतील तर त्या जागच्या जागी परत ठेवायच्या.

वाचायला सोपं आहे. पण जागच्या जागी म्हणजे कुठे? एक पिशवी भोकावर अर्धी लोंबकळत होती, ती फाउल पिशवीच्या धक्क्याने आत पडली. आता ती बाहेर काढून पुन्हा तशीच लोंबकळत ठेवायची, आणि ती कशी होती हे सांगणारी माणसं दोन, दोघंही स्पर्धक! बहुतेक स्पर्धांमध्ये प्रत्येक फळीपाशी पंच उभा नसतो. वाद पेटला तरच त्याला हाक मारायची. गुणांचंही तसंच. दोन्ही बाजूंचं एकमत होईपर्यंत फळीवरच्या पिशव्यांना हात लावायचा नाही. या एका ओळीवर सगळा खेळ उभा आहे असं मला वाटतं.

आमच्या भागात उन्हाळ्यात चर्चच्या जत्रा भरतात, तिथे मी हे प्रत्यक्ष पाहिलंय. गुण १९-१९. एका आजोबांची पिशवी फळीच्या अगदी पुढे गवताला लागली आणि उसळून वर आली. समोरचा खेळाडू तेव्हा बायकोशी बोलत होता, त्याला पत्ताच नाही. आजोबा २७ फूट चालत गेले, पिशवी उचलली, खिशात कोंबली आणि परत आले. ती फेरी ते हरले, सामनाही गेला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. इथे ते गृहीतच धरलेलं असतं. रडीचा डाव खेळणाराही असतो म्हणा, पण पुढच्या शनिवारी त्याला जोडीदार मिळत नाही.

पैसा आला की हे कसं टिकणार? २०१७ मध्ये लीगचे सामने ईएसपीएनवर दिसू लागले, २०२० मध्ये करोनाने बाकीचे खेळ थांबले तेव्हा तर टीव्हीवाल्यांना याचाच आधार झाला. आणि भांडण पायांवरून पिशवीवर सरकलं. पूर्वी पिशवीत मक्याचे दाणे असत, त्यावरूनच नाव. मका ओल धरतो, फुटून पीठ होतो, वजन बदलतं. मग प्लास्टिकचे दाणे आले. एक बाजू सुळसुळीत, दुसरी खरखरीत, असं कापड आलं. मऊ पिशवी भोकाच्या कडेवरून अलगद आत ओघळते, म्हणून लोक नव्या पिशव्या धुवायला, उकळायला लागले. आपण नवी गोधडी मऊ करतो तसं. लीगने मग मंजूर पिशव्यांची यादी केली, शिक्के मारले.

ऑगस्ट २०२२ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या रॉक हिलला लीगची जागतिक स्पर्धा चालू होती. दुहेरीत अव्वल मानांकित जोडीविरुद्ध प्रतिस्पर्ध्याने तक्रार केली की यांच्या पिशव्या नियमात बसत नाहीत. अधिकाऱ्यांनी तपासल्या, खरंच बसत नव्हत्या. मग तक्रार करणाऱ्यांच्याही तपासा अशी मागणी झाली. तपासल्या. त्याही बसत नव्हत्या! वर्तमानपत्रांनी 'बॅगगेट' म्हणून मथळे दिले. कुणी मुद्दाम केलेलं नाही, असं अधिकाऱ्यांनी ठरवलं. दंड कुणालाच झाला नाही. थांबलेला सामना दोन्ही जोड्यांनी आपापल्या त्याच पिशव्या घेऊन पुढे सुरू केला.